वाणिज्य शिक्षणातील गाळलेला धडा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नादारीची खाती शिकविण्याचा परिपाठ आपल्याकडे फार जुना आहे. अ, ब आणि क हे भागीदार असतात, त्यांची पेढी बुडते, आणि विद्यार्थी स्थितिविवरण तयार करून तुटीचे खाते मांडतो. धनकोंना रुपयामागे किती पैसे मिळतील याचा हिशेब होतो, दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात आणि परीक्षक पूर्ण गुण देतो. एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही, तो म्हणजे ही पेढी बुडाली का? उधारी फार झाली, माल पडून राहिला, भागीदारांचे पटले नाही, की गावातून नवा रस्ता गेला आणि बाजारच उठून दुसरीकडे बसला? अ, ब आणि क यांना चेहरा नसतो, त्यामुळे त्यांच्या चुकांनाही चेहरा नसतो. अपयशाची बेरीज आपण शिकवितो, त्याची कारणमीमांसा शिकवीत नाही.

याच्या उलट, यशाचे शिक्षण मुबलक आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात पाहुणे म्हणून यशस्वी उद्योजक येतात, वाचनालयात त्यांची चरित्रे असतात, स्नेहसंमेलनात त्यांचाच सत्कार होतो. यात गैर काही नाही, पण शास्त्रीय दृष्ट्या हा पुरावा अपुरा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड याच्यापुढे असाच एक प्रश्न आला होता. लढाईहून परतलेल्या विमानांना कोठे गोळ्या लागल्या आहेत हे पाहून चिलखत कोठे वाढवावे, हे ठरवायचे होते. सामान्य बुद्धी सांगेल की जेथे भोके अधिक, तेथे चिलखत अधिक. वाल्डच्या विवेचनाचे सार नेमके उलटे होते. ज्या भागी गोळ्या लागूनही विमाने परतली तो भाग तितका नाजूक नव्हे. ज्या भागी गोळी लागल्यामुळे विमाने परतलीच नाहीत, तो भाग खरा नाजूक. परतलेल्यांकडेच पाहणारा मनुष्य चुकीचा निष्कर्ष काढतो. धाडस, चिकाटी, कर्ज काढण्याची हिंमत हे गुण यशस्वी उद्योजकांत दिसतात, हे खरे. पण तेच गुण बुडालेल्यांतही तितकेच होते की नव्हते, हे त्यांची गाठ घेतल्याशिवाय कसे कळणार?

ही गाठ पडत नाही, याला आपला समाजही कारण आहे. दिवाळे या शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की, देणी भागविण्यास असमर्थ झालेला व्यापारी आपल्या दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवी, आणि त्यावरून जगाला काय ते समजे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्यामागची भावना आजही तशीच आहे. बुडालेला मनुष्य गाव सोडतो, नातेवाइकांच्या लग्नाला जाण्याचे टाळतो, मुलांना काही सांगत नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपली आवडती म्हण. पण पुढच्याने ठेच लागली हे सांगितलेच नाही, तर मागच्याने शहाणे कसे व्हावे? म्हणीतील शहाणपण आपोआप येत नाही. ठेचेची नोंद करण्याची आणि ती वाचण्याची व्यवस्था असावी लागते.

अशा नोंदीचे एक उत्तम उदाहरण खुद्द मुंबईच्या इतिहासात आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि पश्चिम हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला वाट हवी होती, म्हणून रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या प्रारंभी शहरात ३१ बँका आणि १६ अर्थपुरवठा मंडळ्या होत्या. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. पुढे १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणी उरला नव्हता. बॅक बेचा भाग २,००० रुपयांच्याही खाली आला. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा भाग ८७ रुपयांवर आला.

या कथेचा येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. लोक लोभी होते म्हणून बुडाले, असे तिचे तात्पर्यही सांगितले जाते. विद्यार्थ्याने वाचावा असा भाग यानंतरचा आहे. बँक ऑफ बॉम्बे ही काही कालपरवा निघालेली मंडळी नव्हती. ती १८४० पासूनची, सनद असलेली, सरकार स्वतः जिची भागधारक होते अशी संस्था होती. तरीही ती बुडाली आणि १८६८ साली अवसायनात गेली. तिच्या पतनाची चौकशी करण्यासाठी त्याच वर्षी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्या चौकशीतून जे निघाले ते लोभापेक्षा अधिक नेमके होते. १८६३ च्या कायद्याने कर्जाच्या तारणावरील जुनी बंधने सैल झाली होती, कंपन्यांच्या भागांवर आणि निव्वळ वैयक्तिक पतीवर कर्जे दिली गेली, अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकाराचा गैरवापर केला, आणि ज्यांनी लक्ष ठेवावयाचे त्या संचालकांनी ते ठेवले नाही. ‘लोक लोभी असतात’ या वाक्यातून कोणताही नियम निघत नाही; ‘तारणाची बंधने सैल करू नका आणि संचालकांनी कर्जाची वही स्वतः पाहावी’ यातून निघतो. धडा आणि उपदेश यांत हाच फरक आहे. या काळातील सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा मुंबई विद्यापीठाच्या आवारात आजही आहे. त्या मनोऱ्याखालून जाणाऱ्या वाणिज्याच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी जॅक्सन आयोगाचे नाव ऐकले असेल?

तो धडा गाळल्याची किंमत काय, हे दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच शहराने पाहिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम अडकली होती, आणि ती झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविण्यात आली होती, असे तपासात पुढे आले. कर्ज एकाच ठिकाणी एकवटलेले, अधिकारी मुखत्यार, संचालक अनभिज्ञ किंवा मूक! जॅक्सन आयोगाच्या अहवालातील नावे बदलली असती तर पुष्कळसा मजकूर तसाच चालला असता. निवृत्तिवेतनाची पुंजी त्या बँकेत ठेवणाऱ्या शिक्षकांना आणि कारकुनांना हा इतिहासाचा पाठ नव्हता. औषधपाण्याचा प्रश्न होता. अपयशाचा अभ्यास हा काही बुद्धिविलास नव्हे, हे त्यांच्याइतके कोणास कळणार?

एक गोष्ट येथे न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. या प्रसंगातून यंत्रणेने काही धडा घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. नागरी सहकारी बँकेने एका कर्जदाराला व एका कर्जदारसमूहाला किती कर्ज द्यावे, याच्या मर्यादा मार्च २०२० मध्ये आवळण्यात आल्या. म्हणजे कायदा अपयशातून शिकतो. रुळांवरचा अपघात झाला की त्याची चौकशी होते, वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन शिकविले जाते. व्यवसायाचे शवविच्छेदन शिकविण्यास आपण का कचरावे?

अपयशाचा अभ्यास करताना पहिली सावधगिरी ही की, सगळी अपयशे एका जातीची नसतात. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी केलेली विभागणी येथे उपयोगी पडते. काही अपयशे टाळता येण्याजोगी असतात; माहीत असलेला नियम मोडल्यामुळे ती ओढवतात. काही गुंतागुंतीची असतात. अनेक लहान कारणे एकत्र येऊन ती घडतात. आणि काही सुजाण अपयशे असतात. ज्या वाटेने पूर्वी कोणी गेलेले नाही, त्या वाटेने विचारपूर्वक टाकलेले पाऊल चुकते. पहिल्या प्रकाराला शासन हवे, दुसऱ्याला विश्लेषण हवे आणि तिसऱ्याला उत्तेजन हवे. आपण करतो ते उलटेच. मोठ्या घोटाळ्याला चार वर्षांत विसरतो, आणि प्रामाणिक प्रयोगात बुडालेल्या तरुणाला जन्मभर नावे ठेवतो.

टाळता येण्याजोग्या प्रकाराचे उदाहरण वर आलेच आहे. गुंतागुंतीच्या अपयशाचे उदाहरण म्हणून मुंबईच्या कापड गिरण्या घ्या. गिरण्या का बंद पडल्या, असे विचारले तर वर्गातून एकमुखाने उत्तर येते, संपामुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, हे खरेच आहे. परंतु संपाच्या आधी, १९६८ सालीच, आजारी गिरण्या सांभाळण्यासाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापावे लागले होते, आणि १९७४ मध्ये अशा अनेक गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, याची वाट काय लावायची? जुनी यंत्रे न बदलता नफा अन्यत्र वळविला जात होता. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमाग स्वस्त कापड काढीत होते. आणि पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्यास वाट दिल्यावर कापडापेक्षा जमीनच मोलाची ठरली. शेवटचे दिसलेले कारण हेच एकमेव कारण मानणे, ही अपयशाचा अर्थ लावताना होणारी सर्वांत मोठी चूक होय. चुकीचा धडा घेण्यापेक्षा धडा न घेणे बरे, कारण चुकीच्या धड्यात दोष नेहमी दुबळ्याच्या माथी येतो.

तिसऱ्या प्रकारासाठी दोन उदाहरणे शेजारी ठेवून शिकवावीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपविण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, आणि औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. येथे वस्तू योग्य होती. समजूत बदलण्यास वेळ लागणार होता. शंभर वर्षांनी टाटांनी नॅनो मोटार आणली. २००९ मध्ये १ लाख रुपयांच्या घोषित किमतीची ही मोटार बाजारात आली. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती, पण विक्री तिच्या जवळपासही गेली नाही, आणि २०१८ च्या सुमारास उत्पादन थांबले. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, ही कारणे आहेतच. पण एक कारण असे की, दुचाकीवरून चारचाकीवर जाणाऱ्या कुटुंबाला मोटार ही प्रतिष्ठेची खूण वाटते, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद त्या प्रतिष्ठेच्या आड आले. रतन टाटांनी पुढे हे जाहीरपणे मान्य केले. आता विद्यार्थ्याला विचारा की, दोन वर्षे माल खपत नसताना किर्लोस्करांनी थांबणे शहाणपणाचे ठरले असते काय? कोणत्या खुणेवरून नांगर टिकेल आणि मोटार टिकणार नाही, हे त्या त्या वेळी ओळखता आले असते? या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही, आणि म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे.

येथे एक आक्षेप येईल. विद्यार्थ्यांपुढे अपयशाच्या कथा मांडल्या तर त्यांची उमेद खचेल. या बाजूचा विचार डीन शेफर्ड या अभ्यासकाने केला आहे. धंदा बुडणे म्हणजे जवळचे माणूस जाण्यासारखे दुःख असते, आणि या दुःखामुळेच मनुष्य त्या घटनेकडून काही शिकू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सतत त्याच घटनेचा काथ्याकूट करून दुःख वाढते, आणि ती पूर्ण विसरून दुसऱ्या कामात बुडून गेल्यास धडा निसटतो. म्हणून काही काळ कारणांकडे पाहावे, काही काळ पुढच्या कामाकडे वळावे, असे आलटून पालटून करावे लागते. शेफर्ड यांनी २००४ साली हा विचार उद्योजकता शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे ठेवला, आणि भावना हा विषय वर्गाबाहेर ठेवून अपयश शिकविता येणार नाही, असे सुचविले. आपल्या वर्गात तर हे अधिकच खरे आहे. ज्यांच्या वडिलांचे दुकान बंद पडले, ज्यांच्या घरची द्राक्षबाग कर्जात गेली, असे विद्यार्थी बाकांवर बसलेले असतात. तुटीचे खाते त्यांनी घरी पाहिलेले असते. त्यांना ते लाजेने नव्हे, समजुतीने पाहता यावे, एवढे जरी शिक्षणाने साधले तरी उमेद खचण्याऐवजी वाढेल.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अलीकडे नवउद्योगांच्या जगात अपयशाचा गौरव करण्याची एक टूम निघाली आहे. पडा, पुन्हा पडा, असा मंत्र व्यासपीठांवरून दिला जातो. पण पडण्याचीही ऐपत लागते. ज्याच्या मागे नात्यागोत्याचे भांडवल आहे, पेढ्यांची जुनी ओळख आहे, तो एकदा बुडून दुसऱ्यांदा उभा राहू शकतो. कारकुनाचा मुलगा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून दुकान काढतो, तेव्हा त्याला एकच डाव असतो. त्याने अपयशाचे स्वागत करावे, असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. शिवाय अपयशाची किंमत अनेकदा बुडणारा देत नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ती गिरणगावातील कुटुंबांनी दिली, बँक बुडाली तेव्हा ती ठेवीदारांनी दिली. तेव्हा प्रत्येक अपयशाविषयी ‘चूक कोणाची’ याबरोबरच ‘तोटा कोणाच्या अंगावर पडला’ हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारलाच पाहिजे.

याच प्रश्नातून व्यवसायविषयक कायद्याचा इतिहासही नव्या प्रकाशात दिसू लागतो. मर्यादित दायित्वाचे तत्त्व आपल्याकडील कंपनी कायद्यात १८५७ साली आले. ते विद्यार्थी व्याख्या म्हणून पाठ करतात. वस्तुतः ती समाजाने प्रामाणिक अपयशाला दिलेली सवलत आहे. धंदा बुडाला तरी घरातील भांडी विकली जाऊ नयेत, अशी. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता म्हणजे बुडणाऱ्या उद्योगाचा निकाल मुदतीत लावण्याची योजना. ठेवींचा विमा म्हणजे दुसऱ्याच्या अपयशाची झळ सामान्य माणसाला कमी बसावी अशी तरतूद. हे सर्व कायदे एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत, हे सांगितले तर निर्जीव कलमे सजीव होतील.

आता परीक्षापद्धतीविषयी. अपयशातून शिकावे असे आपण सांगतो, पण विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवीत नाही. त्याला गुण कळतात. उत्तर कोठे चुकले ते कळत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराच्या कायद्याखाली २०११ मध्ये मान्य केला. शिक्षणातील ही मूलभूत गोष्ट न्यायालयाकडून मिळवावी लागावी, हे आम्हा शिक्षकांना भूषणावह नाही. ‘एटीकेटी’ या अक्षरांचा अर्थ विषय राहिले तरी पुढे जाण्याची मुभा, एवढाच उरला आहे. विषय का राहिला याचा विचार करण्याची मुभा, असा तो कधी झालाच नाही.

उपाय खर्चिक नाहीत. नादारीच्या प्रत्येक गणिताखाली ‘पेढी बुडण्याची संभाव्य कारणे आकड्यांवरून सांगा’ असा एक उपप्रश्न घालता येईल. तीन वर्षांचे ताळेबंद देऊन संकटाची पहिली खूण कोणत्या वर्षी दिसते, हे शोधावयास लावता येईल. येणी वाढत आहेत आणि रोकड आटते आहे, हे दिसण्यास काही मोठे गणित लागत नाही. प्रकल्पासाठी विद्यार्थी नेहमी गावातील भरभराटीच्या कारखान्यात जातात. त्यांतील काहींना, मालकाची संमती घेऊन आणि नाव न घेता, बंद पडलेल्या व्यवसायाची हकीकत लिहून आणण्यास सांगावे. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात लहानसा विक्री-उपक्रम चालविला आणि त्यात तोटा आला, तर तोट्याचे प्रामाणिक स्पष्टीकरण देणाऱ्यास नशिबाने नफा मिळविणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळावेत. आणि मुंबईच्या १८६५ च्या सट्ट्याचा इतिहास पाठ्यक्रमात यावा. दिनशा वाच्छांनी १९१० साली त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते; त्यासाठी साधनांची वाण नाही.

यातून प्रत्येक विद्यार्थी उद्योजक होईल असे नव्हे. बहुतेक जण बँकेत, कचेरीत, पतपेढीत नोकरी करतील. पण पतपेढीच्या कर्जाच्या वहीवर सही करण्याची वेळ त्यांच्यापैकीच कोणावर तरी येईल. एकाच नावाची चार कर्जे समोर येतील, तारणाच्या रकान्यात काही नसेल, आणि वरिष्ठ म्हणतील, ‘घाला सही.’ त्या क्षणी सही करावी की वही परत पाठवावी, हे त्याला ठरवावे लागेल. त्याच्या मागे कित्येक ठेवीदारांची पुंजी असेल. बँक ऑफ बॉम्बे कशी बुडाली हे त्याला वर्गात कोणी सांगितले असेल, तर तो निदान एकवार थांबेल.